श्वासाची नळी: घाई नको, उशीरही नको

पोटाच्या किंवा छातीच्या मोठ्या ऑपरेशननंतर काही रुग्णांच्या रक्तात ऑक्सिजन कमी राहतो. मग घशातली नळी तशीच ठेवून त्यांना आयसीयूत व्हेंटिलेटरवर ठेवतात. ‘नळी कधी काढणार?’ या प्रश्नाभोवती बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज: नळी काढली नाही, म्हणजे आशा संपली.
वस्तुस्थिती: भुलीत फुप्फुसांचा काही भाग मिटतो. टाके दुखत असल्याने खोल श्वास घेववत नाही. कधी स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल उरलेला असतो. यातलं बरंचसं तात्पुरतं असतं आणि त्यावर उपाय आहेत. तोवर श्वासाचा भार यंत्र उचलतं.

गैरसमज: मॉनिटरवर रक्तातला ऑक्सिजन ९५ टक्के दिसला की नळी काढावी.
वस्तुस्थिती: ते ९५ किती ऑक्सिजन देऊन आले, हे आधी पाहावं लागतं. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. ८० टक्के देऊन ९५ मिळत असतील, तर फुप्फुसं अजून सावरलेली नाहीत. साधारण ४० ते ५० टक्क्यांवर भागायला हवं. शिवाय रुग्ण जागा हवा, रक्तदाब स्थिर हवा आणि कफ खोकून काढण्याइतकी ताकद हवी. त्यानंतर यंत्राचा आधार कमी करून त्याला ३० मिनिटं ते २ तास स्वतः श्वास घ्यायला लावतात. निर्णय या चाचणीनंतर होतो.

गैरसमज: नळी जितके दिवस राहील, तितकं सुरक्षित.
वस्तुस्थिती: ४८ तासांनंतर नळीमुळे होणाऱ्या न्यूमोनियाचा धोका वाढत जातो. श्वासपटल दुबळं होतं, गुंगीच्या औषधांनी भ्रम होऊ शकतो. म्हणून शक्य त्या रुग्णाची गुंगी रोज उतरवून चाचणी घेणं योग्य. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ३३६ रुग्णांच्या अभ्यासात या पद्धतीने व्हेंटिलेटरविना गेलेले दिवस सरासरी तीनने वाढले.

गैरसमज: नळी काढल्यावर ऑक्सिजन उतरला, तर नळी पुन्हा घालण्यावाचून इलाज नाही.
वस्तुस्थिती: घट्ट बसणाऱ्या मास्कमधून दाबाने हवा देता येते. पोटाच्या ऑपरेशननंतर ऑक्सिजन उतरलेल्या २९३ रुग्णांवर फ्रान्समध्ये झालेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. सात दिवसांत नळी पुन्हा घालावी लागली, असं प्रमाण साध्या ऑक्सिजनवर सुमारे ४६ टक्के होतं, तर मास्कवर ३३ टक्के.

गैरसमज: नळी पुन्हा घातली, म्हणजे डॉक्टर चुकले.
वस्तुस्थिती: चाचणीत उत्तीर्ण झालेल्या आयसीयूतल्या रुग्णांपैकीही साधारण १० ते २० टक्क्यांना ती पुन्हा लागते. मात्र रुग्णाला धाप लागली आहे, मास्क पुरा पडत नाही आणि तरीही वाट पाहिली जाते, तेव्हा जिवाला खरा धोका असतो.

नातेवाइकांनी ‘नळी कधी काढणार?’ याबरोबर आणखी तीन प्रश्न रोज विचारावेत: आज श्वासाची चाचणी झाली का? नसेल तर कशामुळे अडलं? नळी काढल्यावर मास्कची तयारी आहे का? हे प्रश्न विचारणं तुमचा हक्क आहे, आणि त्यांची उत्तरं डॉक्टरांकडे असायलाच हवीत.