काळ्या वाळूचं कूळ

रत्नागिरीजवळ काळबादेवीसमोर होडी थांबवून ग्रॅब खाली सोडला की तो तळाला टेकतो आणि त्याचे दोन जबडे मिटतात. वर येतो तो चिखल, शिंपल्यांचा चुरा आणि वाळू. त्यातले जड काळे कण वेगळे करायचे ते प्रयोगशाळेत, आणि ते काम घाईचं नाही.

चाळणीवर धुऊन चिखल काढायचा, सौम्य आम्लात शिंपले विरघळवायचे, वाळू सुकवायची. मग ती ब्रोमोफॉर्ममध्ये सोडायची. हा द्रव पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड, घनता २.८९, शिवाय विषारी, म्हणून वाफा खेचून घेणाऱ्या कपाटातच हाताळायचा. २.६५ घनतेचा क्वार्ट्झ तरंगतो. ऑजाइट, मॅग्नेटाइट, इल्मेनाइट बुडतात. फनेलची तोटी हळूच फिरवली की जड कण तेवढे गाळणकागदावर उतरतात. त्यांवरून चुंबक नेला की मॅग्नेटाइट झटकन चिकटतं. इल्मेनाइटला मात्र ताकदीचा विद्युतचुंबक लागतो.

सूक्ष्मदर्शकाखाली खालून उजेड टाकला तर इल्मेनाइट म्हणजे नुसता काळा ठिपका. म्हणून कण रेझिनमध्ये बसवून, चकाकेपर्यंत घासून, वरून प्रकाश पाडतात. तेव्हा मॅग्नेटाइटच्या काही कणांत इल्मेनाइटच्या बारीक पट्ट्या आडव्यातिडव्या गेलेल्या दिसतात. तप्त लाव्हा निवत गेला त्या काळातली ही खूण. लाव्हा म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आपल्या सह्याद्रीचा. कोकणच्या पावसात त्या कातळाचा जांभा होतो, ऑजाइट सडून जातं, इल्मेनाइट टिकतं आणि नद्यांबरोबर समुद्राला मिळतं.

जे सापडत नाही तेही मला तितकंच बोलकं वाटतं. केरळात चवऱ्याच्या वाळूत मोनाझाइट आणि सिलिमनाइट असतं, कारण तिथले खडक वेगळे, फार जुने. रत्नागिरीच्या वाळूची ओळख ती नव्हे.

पण कूळ कळलं म्हणजे वय कळलं असं नाही. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता. आज बुडालेल्या तळावरून तेव्हा नद्या वाहत होत्या. म्हणजे तळाची काळी वाळू सगळी आजच्या नद्यांनी आणलेली, असं धरून चालता येत नाही. इल्मेनाइटमधल्या टायटॅनियमसाठी ती उपसावी असा विचार होतो तेव्हा ‘दर पावसाळ्यात भरून येईल’ हा हिशोब म्हणूनच धोक्याचा. आधी नद्यांच्या मुखांशी वर्षानुवर्षं नमुने घ्या, नवी भर किती पडते ते मोजा; तोवर उपशाला परवानगी देऊ नये.