घरचा भोपळा, मध आणि पंपकिन पाय: पाणी का सुटतं? (एपिसोडचा लिखित मजकूर)

आज मी न्यू जर्सीतून बोलतेय. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे इथे थँक्सगिव्हिंग, आणि त्या जेवणात शेवटी पंपकिन पाय हवाच. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा प्रश्न एकच आहे: डब्यातल्या गराऐवजी घरचा भोपळा आणि साखरेऐवजी मध घातला, की पाय नीट बसत नाही, खाली पाणी साचतं. असं का?

आधी पाय म्हणजे काय ते बघू. खाली मैद्याची खुसखुशीत पारी, आणि आत भोपळा, दूध, अंडी यांचं मिश्रण. खरवस कसा उष्णतेनं घट्ट बसतो, तसंच हे बसतं, फक्त इथे काम अंड्यातली प्रथिनं करतात. ती पाणी धरून ठेवतात, पण एका मर्यादेपर्यंतच. आता डब्यातला गर घट्ट असतो आणि साखर कोरडी. घरचा भोपळा मात्र पाणी घेऊन येतो, आणि मधातही साधारण १७-१८ टक्के पाणी असतं. म्हणजे रेसिपी तीच ठेवली तर पाणी दोन्हीकडून वाढतं. सगळं गणित या पाण्याचंच आहे.

भोपळा कुठला घ्यायचा? हॅलोविनला कोरून आत दिवा लावतात तो नको. त्याचा गर पाणचट आणि तंतुमय असतो. मी परसात 'लाँग आयलंड चीज' नावाची जुनी जात लावते. चीजच्या चाकासारखी चपटी, म्हणून हे नाव. तिची प्रजाती कुकुर्बिटा मोशाटा. इथे डब्यात भरतात तो डिकिन्सन भोपळाही याच प्रजातीचा, आणि आपल्या मंडईत फोडी करून मिळणारा लाल भोपळाही बहुतेक वेळा हाच. म्हणजे पुण्या-नाशकात ज्याचे घारगे करता, त्याचाच पाय होतो!

वेल लावणार असाल तर एक गोष्ट. भोपळ्याला नर आणि मादी फुलं वेगळी येतात. ती पहाटे उघडतात आणि दुपारपर्यंत मिटतात. तेवढ्या वेळात माशीनं पराग नेले नाहीत, तर बारकं फळ पिवळं पडून गळतं. म्हणून फुलं उघडी असताना फवारणी अजिबात नको. माशा फिरकत नसतील तर सकाळी नर फूल तोडून मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा, काम होतं.

आता कृती. भोपळा अर्धा चिरा, बिया काढा, कापलेली बाजू खाली ठेवून २०० अंश सेल्सिअसला पाऊण ते एक तास भाजा. उकडू नका, उकडला की आणखी पाणी पितो. गर काढून मिक्सरमधून फिरवा आणि श्रीखंडाच्या चक्क्यासारखा मलमलच्या फडक्यात तासभर टांगून ठेवा. तरीही सैल वाटला तर कढईत मंद आचेवर परता. चमचा फिरवल्यावर मागे वाट राहिली पाहिजे.

पारीसाठी १६० ग्रॅम मैदा, ११५ ग्रॅम थंडगार बटर, चिमूटभर मीठ आणि बर्फाचं ३-४ चमचे पाणी. बटर पूर्ण चोळून एकजीव करू नका, त्याचे बारीक तुकडे राहिले तरच पापुद्रे सुटतात. ९ इंची ताटलीत लाटून बसवा, वर कागद घालून राजमा पसरा म्हणजे पारी फुगणार नाही, आणि २०० अंशाला १५-२० मिनिटं भाजा. मग राजमा काढून आणखी ५-१० मिनिटं. पारी आधी भाजली की ओली राहत नाही.

सारणाला ४२५ ग्रॅम गर, ३ अंडी, अर्धा कप मध, १ चमचा दालचिनी, अर्धा चमचा सुंठ, थोडं जायफळ, लवंग आणि मीठ. नेहमीच्या रेसिपीत पाऊण कप साखर आणि साधारण ३५० मिली आटवलेलं दूध असतं. मध साखरेपेक्षा गोड, म्हणून तो कमी. आणि दूध आणा २४० मिलीवर. मध लवकर करपतो, म्हणून ओव्हनही थोडा कमी, १६५ अंश. ५०-६० मिनिटांत कडा घट्ट होतात आणि मधला भाग थुलथुलतो. तेव्हाच बाहेर काढा. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ८० अंश. त्याच्या फार पुढे गेलात की प्रथिनं आवळतात, भेगा पडतात आणि पाणी सुटतं. जास्त शिजलेल्या खरवसाला भोकं पडतात ना, तसंच.

आता आजची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ही तरी फॉरवर्ड कराच. आपल्याकडे बाळाला मधाचं बोट चाटवायची पद्धत आहे, आणि सणाच्या टेबलावर कुणीतरी आजी प्रेमानं म्हणतेच, "जरासा पाय बाळाच्या जिभेला लावू का?" १२ महिने पूर्ण न झालेल्या बाळाला मध द्यायचा नाही, आणि मध घातलेला पायही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते वाढत नाहीत, पण बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. त्यामुळे बद्धकोष्ठता, क्षीण रडणं, अंग ढिलं पडणं, आणि पुढे श्वासाचा त्रासही होऊ शकतो. "पण भाजलंय ना?" हो, पण पायच्या आत ८० अंशच होतात. हे बीजाणू मारायला प्रेशरखाली सुमारे १२१ अंश लागतात. घरचा मध, शुद्ध मध, रानातला मध, सगळ्यांना हेच लागू.

मग आजीला काय सांगायचं? बाळ वरचं खायला लागलं असेल तर मध घालण्याआधीच दोन चमचे भाजलेला गर वाटीत बाजूला काढा. तो आजीनं खुशाल भरवावा. तिचाही मान राहतो, बाळाचाही सण होतो.

पाय दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. फ्रीजमध्ये ३-४ दिवस टिकतो, अर्थात उरला तर! केलात तर कापलेल्या तुकड्याचा फोटो नक्की पाठवा, खाली पाणी आहे का ते मी झूम करून बघणार आहे. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!