फायनान्सची डिग्री की धंद्याचं भांडवल? निर्णय घेण्याआधी हे वाचा!



बारावीचा निकाल लागला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून एक प्रश्न हमखास येतो. "सर, मला शेवटी धंदाच करायचाय. मग तीन वर्षं फायनान्स शिकू, की तेच पैसे धंद्यात घालू?" त्याला जोडून दुसरा प्रश्न असतो, "मुंबईतल्या ख्रिश्चन कॉलेजात आपल्याला घेतात का?" व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून इथे सविस्तर बोलूया.

ख्रिश्चन कॉलेजात ॲडमिशन मिळतं का?

मिळतं. विल्सन कॉलेजची सुरुवात स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये केली, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याही २५ वर्षं आधी. सेंट झेवियर्स जेझुइट फादरांनी १८६९ मध्ये काढलं. दोन्हीकडे सगळ्या धर्मांची मुलं शिकतात. या अल्पसंख्याक संस्था आहेत, त्यामुळे काही जागा ख्रिश्चन विद्यार्थ्यांसाठी असतात आणि बाकीच्या इतरांना खुल्या असतात.

एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या. शैक्षणिक प्रवेशातल्या आरक्षणाचं घटनेतलं कलम १५(५) अल्पसंख्याक संस्थांना लागू नाही. त्यामुळे जातीच्या दाखल्यावर विसंबून राहू नका, प्रॉस्पेक्टस नीट वाचा. कोर्सला सीईटी लागते का, तेही विचारा. २०२४ पासून बीएमएस, बीबीएसाठी राज्याची सीईटी सुरू झाली आहे.

नाव मोठं, पण रोजचा प्रवास?

डोंबिवलीहून झेवियर्सला जायचं तर सीएसएमटीपर्यंत थेट लोकल आहे. विल्सनला जायचं तर दादरला गाडी बदलून चर्नी रोड. म्हणजे रोजचे दोन-अडीच तास गेले. फायनान्सचा बीएएफ कोर्स ठाण्याच्या जोशी-बेडेकरमध्ये आहे, कल्याणच्या बिर्ला कॉलेजातही आहे, आणि मूळ विषय साधारण तेच. मोठ्या कॉलेजात ओळखी आणि इंग्रजीचा सराव मिळतो, हे खरं. पण घरच्या दुकानावर संध्याकाळी बसायचं असेल, तर ते दोन तास हेसुद्धा भांडवलच आहे!

फीचंही बघा. बीएएफ बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित असतो. साधं अनुदानित बी.कॉम. त्याच्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

डिग्रीतलं धंद्याला काय लागतं?

सगळं लागत नाही. पण एक धडा लाखमोलाचा आहे, खेळतं भांडवल.

समजा, तुम्ही डोंबिवली एमआयडीसीतल्या कंपन्यांना जेवणाचे डबे पुरवता. महिन्याची विक्री ३ लाख, खर्च २ लाख ४० हजार, नफा ६० हजार. छान! पण कंपनी पैसे ४५ दिवसांनी देते. किराणा, गॅस, पगार मात्र तुम्हाला आत्ताच द्यायचेत. म्हणजे पहिलं पेमेंट हातात येईपर्यंत दीड महिन्याचा खर्च, ३ लाख ६० हजार, तुमच्या खिशातून गेलेला असतो. वहीत नफा दिसतो आणि गल्ला रिकामा! चांगले चालणारे धंदे इथेच बसतात.

फायनान्स शिकलेला माणूस ऑर्डर घेण्याआधीच हे गणित मांडतो. त्याला कायदाही ठाऊक असतो. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला, सेवा देणाऱ्याला २००६ च्या एमएसएमईडी कायद्याचं संरक्षण आहे. लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५ दिवस. त्यापुढे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं.

मग निर्णय कसा घ्यायचा?

१. धंदा आत्ता चालू आहे का? असेल तर जवळचं कॉलेज घ्या आणि शिकलेलं रोज दुकानात वापरा.

२. फी कर्ज काढून भरणार आहात का? मग धंदा सुरू करताना आधीच एक हप्ता डोक्यावर असेल. स्वस्त पर्याय आधी बघा.

३. मध्येच सोडावं लागलं तर? नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची सोय आहे. क्रेडिट जमा राहतात, नंतर परत येता येतं.

कर्ज आणि पतपुरवठा हा विषय आपल्या भागाला नवा नाही. वसईत १९१८ मध्ये बसीन कॅथॉलिक बँक उभी राहिली. पुढे १९७० मध्ये डोंबिवली नागरी आणि १९७३ मध्ये कल्याण जनता सहकारी बँक आली. अशा कुठल्याही बँकेत कर्ज मागायला गेलात, तर ताळेबंद आणि रोख रकमेचा अंदाज मागतीलच. तो तुम्हाला स्वतःला समजावून सांगता आला पाहिजे. सीएने बनवून दिलेला कागद नुसता पुढे सरकवून भागत नाही.

आजचा गृहपाठ: तुमच्या धंद्याचा, किंवा मनात असलेल्या धंद्याचा, रोजचा खर्च काढा. त्याला उधारीच्या दिवसांनी गुणा. जो आकडा येईल, तेवढी रक्कम हाताशी आहे का? नसेल, तर फी भरण्याआधी आणि दुकानाचं डिपॉझिट देण्याआधी घरच्यांसोबत बसा.

आकडा कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटूया पुढच्या भागात!