देगीतली दावत आणि प्लेटमधली दावत

बर्गरच्या दुकानाचा आणि आपल्या घरच्या शादीचा संबंध काय, असे कोणी विचारेल. संबंध आहे, आणि तो थेट आपल्या खिशापर्यंत येतो.

जॉर्ज रिट्झर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचे ‘द मॅक्डोनाल्डायझेशन ऑफ सोसायटी’ हे पुस्तक १९९३ साली आले. त्याचे म्हणणे असे की, मॅक्डोनाल्डने जगाला नुसता बर्गर दिला नाही, काम करण्याची एक पद्धतच दिली आणि ती आता शिक्षण, दवाखाने, पर्यटन अशी सगळीकडे शिरली आहे. या पद्धतीची चार लक्षणे त्याने सांगितली. काम झटपट उरकणे, प्रत्येक गोष्ट आकड्यात मोजणे, सगळीकडे तेच आणि तसेच मिळणे, आणि माणसाऐवजी यंत्रणेच्या हातात लगाम असणे. ही चार लक्षणे डोक्यात ठेवून आपल्याकडच्या कुठल्याही मॅरेज हॉलमध्ये जरा उभे राहून पाहा.

मोजण्यापासूनच सुरुवात करू. पूर्वी दावत देगीत मोजली जायची. ‘किती देगी चढवल्या?’ असे लोक विचारायचे. बावर्ची ओळखीचा, गोश्त मामूंनी आणलेले, दस्तरखान मोहल्ल्यातली पोरे लावणार, आणि उरलेले सालन रात्री शेजारीपाजारी जाणार. देगीचा हिशोब ढोबळ असतो. न बोलावलेला कोणी आला, एखादा मुसाफिर बसला, तरी देगीला फरक पडत नाही. आता दर प्लेटवर ठरतो. प्लेट मोजायची म्हटले की पाहुणाही मोजावा लागतो. मग यादी घेऊन बसायचे आणि नावे काटायची. कोणाची नावे आधी कटतात, हे सांगायला नको. गरीब नातेवाईक, जुने शेजारी, वडिलांच्या कारखान्यातले कामगार. आणि यादी काटायची नसेल तर जास्तीच्या प्लेट सांगायच्या, ज्यातले निम्मे अन्न रात्री कचऱ्यात जाते.

दुसरे, सगळीकडे तेच मिळणे. कोकणी घरांतले सांदण, औरंगाबादचा नान-खलिया, प्रत्येक इलाख्याचे स्वतःचे काही होते. नान-खलिया अजून टिकून आहे, अलहमदुलिल्लाह! पण भिवंडी, मालेगाव, परभणी, कुठेही जा, स्टार्टर, बिर्याणी, आईस्क्रीम हा क्रम आता पाठ झाला आहे. कपड्यांचेही तेच. सुती-रेशमी हिमरू विणणारे हातमाग औरंगाबादेत आता मोजकेच उरलेत, आणि नवरदेव मात्र सगळ्या शहरांत एकाच साच्याच्या तयार शेरवानीत दिसतो.

लगाम कोणाच्या हातात आहे, हे पाहायचे तर फोटोग्राफरकडे पाहा. दुल्हनने कधी बसायचे, वडिलांनी डोक्यावर हात कधी ठेवायचा, हे तो सांगतो. रुख्सतीची वेळ हॉलचे घड्याळ ठरवते.

यात फायदा काहीच नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. तीन-तीन दिवस चुलीपुढे राबणाऱ्या घरातल्या बायका सुटल्या, हे मोठे काम झाले. केटरिंगमध्ये आपल्याच बिरादरीतल्या कितीतरी पोरांना रोजगार मिळतो. रिट्झरही पद्धतीचे फायदे नाकारत नाही. तो एवढेच दाखवतो की अतिशय तर्काने बांधलेली यंत्रणा शेवटी तर्काला न पटणारे निकाल देते. काही तासांच्या समारंभासाठी काही वर्षांचे कर्ज, हा तसाच निकाल आहे. ते कर्ज फेडताना पहिली कात्री धाकट्या बहिणीच्या कॉलेजच्या फीला लागते, हे आम्ही शाळेतली माणसे जवळून पाहतो.

मग हा साचा ठरवतो कोण? थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ मध्येच लिहून ठेवले होते की श्रीमंत माणूस गरजेपेक्षा लोकांना दिसावे म्हणून जास्त खर्च करतो आणि खालचे वर्ग ऐपत नसताना त्याची नक्कल करतात. त्याच्याही पाचशे वर्षे आधी, १३७७ मध्ये, इब्ने खल्दून यांनी ‘मुकद्दमा’ लिहिला. हरलेले लोक जिंकलेल्यांच्या पोशाखाची, चालीरीतींची नक्कल करतात, असे एक निरीक्षण त्यात आहे. आज जिंकणारी फौज नाही, मोबाइलचा स्क्रीन आहे. नटनट्यांच्या शादीचे रील पाहिल्यावर पुढच्या सीझनला तोच स्टेज तालुक्याच्या गावात उभा राहतो.

इथे आपला एक गैरसमज होतो. आपण म्हणतो, आमचे सगळे हलाल आहे, मग प्रश्न कुठे आला? पण जागतिक बाजार फार लवचीक आहे. रोलंड रॉबर्टसन यांनी यालाच ‘ग्लोकलायझेशन’ म्हटले, म्हणजे जागतिक माल स्थानिक रंगात. मॅक्डोनाल्ड १९९६ मध्ये भारतात आले ते बीफ आणि पोर्क बाजूला ठेवूनच. बार्बीला पर्याय म्हणून २००३ मध्ये अरब देशांत अबाया घातलेली ‘फुल्ला’ बाहुली आली. २००२ मध्ये फ्रान्समध्ये ‘मक्का कोला’ निघाला. नाव बदलले, पोशाख बदलला, नियतही चांगली असेल. पण बाहुलीसोबत पुन्हा नवे कपडे विकत घ्यायचेच होते, आणि बाटलीत कोलाच होता. आपल्याकडे स्टेजवर अरबी खत्ताती लावून ‘इस्लामिक थीम’चे पॅकेज विकले जाते, तेव्हा वेगळे काय घडते? आपण आतला माल तपासतो, साचा तपासत नाही. कुरआनने मात्र हराम खाण्याला मना करून विषय संपवलेला नाही. सूरह आराफमध्ये इसराफचा आणि सूरह बनी इस्राईलमध्ये तब्जीरचा, म्हणजे उधळपट्टीचा, वेगळा उल्लेख करून मनाई आहे.

२०२१ मध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने ‘आसान व मसनून निकाह’ची मोहीम चालवली. मशिदीत निकाह करणाऱ्यांची संख्या काही ठिकाणी वाढलेली दिसते. पण वाचलेला पैसा पुष्कळदा वलीम्याच्या स्टेजवर जातो आणि मशिदीतल्या निकाहचाही ड्रोनने व्हिडिओ निघतो. पुढच्या शादीची बोलणी सुरू होतील तेव्हा घरातल्या बड्यांनी केटररला एवढे विचारून पाहावे, ‘भाईजान, प्लेट राहू द्या, देगीचा भाव काय?’ बरेच केटरर अजूनही सांगतात.