बारशीची वाघाटी

आषाढी एकादशीच्या संध्याकाळी पिंपरी-चिंचवडच्या भाजीबाजारात एखाद्या पाटीत लिंबाएवढी, लांब दांड्याची हिरवी फळं दिसली की समजावं, वाघाटी आली. एरवी तिला कुणी विचारत नाही. पण दुसऱ्या दिवशी बारस सोडायची असते, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत वाघाट्याच्या भाजीशिवाय ती सुटत नाही. खेड-मावळच्या टेकड्यांवरून फळं तोडून आणणाऱ्या बाया त्या दिवशी भावाला ढिल्या पडत नाहीत, आणि पडूही नयेत. वाघाटी तोडणं म्हणजे हात रक्ताळून घेणं.

वेल म्हणावी तर बुंध्याशी झुडपासारखी दणकट, झुडूप म्हणावं तर दुसऱ्याच्या अंगावर चढून वीस-पंचवीस फूट जाणारी. पानाच्या बेचक्यात दोन काटे, दोन्ही मागे वळलेले. हात आत सहज जातो. बाहेर ओढला की काटे रुततात. याच आकड्यांनी ती हिवराच्या, बोरीच्या फांद्या पकडत वर सरकते. कोवळ्या शेंड्यांवर तांबूस लव असते, जुनी पानं जाड आणि चिवट. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस पूर्वेकडे चाकणपर्यंत येताना हजाराच्या आत येतो. अशा मुलखात चैत्रात सारा माळ करपलेला असताना ही एक जाळी हिरवी राहते.

आणि नेमकी तेव्हाच ती फुलते. पानाच्या बगलेच्या वर कळ्यांची उभी ओळ असते, एकीवर एक. फूल उमलतं ते पांढरं, तळाशी गडद ठिपका, मध्ये लांबच लांब पुंकेसरांचा झुबका. शिळं होत जाईल तसं ते गुलाबी, मग जांभळट लाल होतं. त्यामुळे एकाच फांदीवर आजचं, कालचं आणि परवाचं फूल रंगावरून ओळखता येतं. बीजांडकोश लांब दांड्यावर असतो, म्हणून फळही दांड्यावर लोंबतं.

कॅपॅरिस झायलॅनिका हे नाव तिला लिनियसने १७६२ साली दिलं. जुन्या ग्रंथांत ती कॅपॅरिस हॉरिडा म्हणून भेटते. भूमध्य सागराकाठची माणसं ज्या झुडपाच्या कळ्या मिठात मुरवून खातात, ते कॅपर हिचं भावंड. मोहरीशीही नातं आहे. दोघींच्या अंगात ग्लुकोसिनोलेट नावाची रसायनं असतात. पान कुरतडलं की त्यांतून झणझणीत द्रव्य सुटतं आणि बहुतेक किडे पळतात. पायोनिअर, कॉमन गल, ग्रेट ऑरेंज टिप या फुलपाखरांच्या अळ्या मात्र पळत नाहीत. त्यांच्या आतड्यातलं एक प्रथिन त्या विषाची दिशाच बदलून टाकतं. ही फुलपाखरं अंडी घालतात ती वाघाटीवर आणि तिच्या जवळच्या सोयऱ्यांवरच. जाळी तोडली की पुढच्या पिढीचं घर गेलं.

स्वयंपाकघरात तिचा कडूपणा काढावा लागतो. फळं चिरून बिया काढायच्या, फोडी मिठाच्या पाण्यात किंवा ताकात उकडायच्या, पाणी फेकून घट्ट पिळायच्या. मग मोहरी-हिंगाची फोडणी, तिखट, दाण्याचं कूट, गुळाचा खडा. चातुर्मास लागलेला, त्यामुळे अनेक घरांत कांदा-लसूण नाही. इतकं करूनही जिभेच्या मागे थोडा कडवटपणा उरतो, आणि तो उरला नाही तर भाजी चुकली असं मी म्हणेन.

याच एकादशीसाठी तुकोबांची पालखी देहूतून निघते, माउलींची आळंदीतून. दोन्ही गावं पिंपरी-चाकणच्या कारखानदारीच्या पट्ट्यालाच लागून. भंडारा, भामचंद्र आणि घोराडेश्वर हे तुकोबांच्या एकांताचे डोंगरही इथलेच. खाली पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये राज्याची एमआयडीसी स्थापन झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. चाकणला बजाजचा कारखाना १९९९ चा, फोक्सवॅगनचा २००९ चा. या कारखान्यांनी लाखो घरं उभी केली आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण जमीन कुठली गेली? शेताच्या बरोबरीने बांध, ओढ्याचे काठ, गायरानं गेली. सातबारावर अशा तुकड्याची नोंद ‘पोटखराब’ अशी होते आणि देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी माळ पडीकच धरला जातो. वाघाटी राहते ती नेमकी तिथे. कागदावर जिथे काही पिकत नाही, तिथून आपल्या बारशीचं ताट येतं.

भामचंद्राच्या पायथ्याशी, शिंदे-वासुलीत, २००८ साली डाऊ केमिकल्सच्या संशोधन केंद्राविरुद्ध वारकरी उभे राहिले. बंडातात्या कराडकर त्यांच्या पुढे होते, आणि ते केंद्र तिथे झालं नाही. डोंगर पवित्र आहे, पाणी नासेल, हा त्यांचा मुद्दा होता. त्या पावित्र्यात उतारावरची काटेरी जाळीही धरायला हवी, असं मला वाटतं.

कारण आज तिला कारखान्याइतकाच धोका सदिच्छेचा आहे. टेकडी ‘हिरवी’ करायची म्हणून आधी झुडपं साफ होतात, खड्डे पाडले जातात आणि गिरिपुष्पासारखी बाहेरची झाडं लागतात. पुण्याच्या टेकड्यांवर हे पाहून झालं आहे. वाघाटी काढायची, मग तिच्याच जागी झाडं लावल्याचा फलक उभा करायचा, हे थांबलं पाहिजे. रोपण करायचंच तर बोर, हिवर, खैर यांचं करावं. वाघाटीला चढायला तेच आधार लागतात.

दुसरी गोष्ट तोडणाऱ्यांशी बोलून ठरवायची. बारशीला फळं कच्ची काढली जातात. ती लाल पिकून पाखरांच्या तोंडी गेली तरच बी लांब पडणार. म्हणून प्रत्येक जाळीवर काही घोस सोडायला हवेत. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला आणि महापालिकेला जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितलं आहे. त्या वहीत वाघाटीचं पान लिहायचं तर ते या बायांनाच विचारून लिहावं: कुठल्या बांधावर जाळी आहे, फूल कधी येतं, किती फळं निघतात, कुठली जाळी कोणत्या साली तोडली गेली.