कासाब्लांकात काढणीचा दिवस

पहाटे ५. मार्च महिना. हे कासाब्लांका मोरोक्कोतलं नव्हे, चिलीतलं. सांतियागोहून वालपाराइसोकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचं खोरं. डोक्याला बॅटरी बांधून मजूर सोव्हिन्यों ब्लांच्या ओळींत शिरलेत. घड हाताला गार लागतात आणि तसेच गार ते प्रेसवर पोचायला हवेत. उन्हात तापले, तर या जातीचा हिरवट, ताजा वास टिकत नाही.

सकाळी ८. उजाडलं, पण सूर्याचा पत्ता नाही. खोरं धुक्यानं भरलंय, पानांच्या कडांवरून थेंब ओघळताहेत. निफाडचा बागायतदार हे बघून आधी फवारणीच्या मागे लागेल. आपल्याकडे द्राक्षाला धुकं म्हणजे रोगाची धास्ती. बुरशीवर इथेही नजर असतेच, पण उन्हाळा कोरडा असतो आणि दुपारपर्यंत पानं सुकतात.

या धुक्याचं मूळ हम्बोल्ट या थंड सागरी प्रवाहात आहे. किनाऱ्यालगत दक्षिणेचा वारा वाहतो, पृथ्वीच्या फिरण्यानं वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर सरतं आणि त्याच्या जागी खोलातलं थंड पाणी वर येतं. म्हणून भर उन्हाळ्यातही वालपाराइसोच्या समुद्रात उतरलं की हुडहुडी भरते. त्या पाण्यावरची हवा गारठते, त्यात धुकं धरतं आणि बुटक्या टेकड्यांमधून ते आत येतं.

दुपारी १२. ऊन पडलं. पुढच्या प्लॉटमधले मणी तोडून रस रिफ्रॅक्टोमीटरवर टाकायचा, ब्रिक्स, म्हणजे साखरेचा अंश, बघायचा, बी चावून बघायची. साखर भरलेली असते, तरी जिभेला आंबटपणा झोंबतो. उष्ण हवेत मणी स्वतःचंच मॅलिक आम्ल जाळून टाकतो. इथल्या गार रात्री ते राखून ठेवतात. वाइनचा सगळा तजेला त्यावर आहे.

दुपारी ४. वारा सुटला. जमीन तापली, तिच्यावरची हवा वर गेली आणि समुद्राची गार हवा खोऱ्यात घुसली. पानं उलटीपालटी होतात, मजूर जाकीट शोधतात. चिलीचे मळे मुख्यतः आतल्या उबदार खोऱ्यांत होते, तेव्हा १९८२च्या सुमारास वाइनतज्ज्ञ पाब्लो मोरांदे यांनी या गार खोऱ्यात वेली लावल्या. वसंतात कोवळ्या फुटीला हिमदंशाचा धोका, तरी लावल्या. त्या धाडसाचं मला मोठं मोल वाटतं.

संध्याकाळी ७. ठिबकचं पाणी मोजून सोडायचं. समुद्र इतका जवळ असून पाण्याची ओढ कायमची, कारण थंड पाण्यावरची जड हवा ढगांना उंच वाढू देत नाही. २०१० पासूनच्या दीर्घ दुष्काळानं तर विहिरी खोल नेल्या.

मग उद्याचं ठरतं. पूर्वेकडचा, समुद्रापासून लांबचा प्लॉट आधी पिकतो, तिथे पहाटे क्रेट लागतील. पश्चिमेकडच्या पिनो न्वारला अजून थांबावं लागेल.