पाणी दारात, नाव ओठांवर

23 सप्टेंबर 2023 ची पहाट. आदल्या दिवशी घरोघरी महालक्ष्म्यांचं पूजन झालं होतं. आंबील, पुरणपोळी, सोळा भाज्या असं जेवण उरकून माणसं दमून झोपली होती. मध्यरात्रीनंतर अवघ्या चार तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. नागपुरातला अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदी काठच्या वस्त्यांत घुसली. अंधारात पलंगावरून पाय खाली टाकावा तर पाणी! त्या दिवशी महालक्ष्म्यांना निरोप द्यायचा होता. कित्येक घरांत पाणीच आधी हजर झालं.

अशा वेळी तोंडून आधी काय निघतं? नाव. कुणी विठ्ठलाला हाक मारतो, कुणी शेगावच्या गजानन महाराजांना, कुणी ताजबागच्या बाबांना. विचार करायला तेव्हा सवडच नसते. मेंदूतला बदामाएवढा अमिग्डाला धोक्याची वर्दी देतो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनालिन सोडतात, छाती धडधडते, श्वास वर अडकतो.

आणि इथेच ते नाव कामाला लागतं. इटलीतले लुसियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 23 निरोगी माणसांना एकदा जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली, एकदा बौद्ध मंत्र. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: एरवी मिनिटाला चौदाएक वेळा चालणारा श्वास दोन्ही वेळा सहाच्या आसपास आला, आणि हृदयाची लयही त्याच्याशी जुळली. धर्म दोन, भाषा दोन, श्वास मात्र एकच! नामस्मरणाने जीव थाऱ्यावर येतो, असं आजी म्हणायची. तिच्याकडे यंत्र नव्हतं, माळ होती.

पण ‘कुणीतरी जवळ आहे’ ही जाणीव? मे 1916 मध्ये अर्नेस्ट शॅकल्टन आणि त्याचे दोन सोबती दक्षिण जॉर्जिया बेटावरचे बर्फाळ डोंगर 36 तास तुडवत होते. माणसं तीन, पण आपण चौघं आहोत असं वाटत राहिल्याचं शॅकल्टनने पुढे लिहून ठेवलं. 2006 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत, डाव्या कानाच्या वरच्या भागात, सौम्य वीजप्रवाह सोडला, तेव्हा आपल्या मागे कुणीतरी आहे असं तिला स्पष्ट जाणवलं. म्हणजे सोबतीची जाणीव होण्याची सोय मेंदूतच आहे. ती तिथे कशासाठी असावी, याचं उत्तर विजेच्या तारेकडे नाही. भाविक आणि संशयी दोघांनाही इथे थोडं थांबावं लागतं.

नाव घेतल्याने पूर ओसरत नाही. त्या पहाटे जीवही गेले. पण त्याच पुरातून मूकबधिर शाळेतली 70 मुलं बचाव पथकांनी सुखरूप बाहेर काढली. त्यांतल्या कित्येकांना ना पाऊस ऐकू आला असेल, ना बाहेरच्या हाका. त्यांना मदत आल्याचं कळलं असेल ते दंडाला धरलेल्या एखाद्या ओल्या हातामुळेच.

अशा माणसाबद्दल आपण म्हणतो, ‘देवासारखा धावून आला.’ त्या माणसाने चिखलाने माखलेले बूट घातलेले असतात, आणि तरीही हा शब्द वापरताना कुणी अडखळत नाही.